हरणासाठीचा डबा, वाघाची वाट

जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप जंगलात लावणाऱ्या टोळीतला पहिला विनोद खोकं उघडतानाच होतो. कॅमेरा मागवलेला असतो वाघासाठी आणि खोक्यावर चित्र असतं भल्यामोठ्या शिंगांच्या अमेरिकन हरणाचं. आतली माहितीपुस्तिकाही त्याच गावची: शिकारीचा मोसम कधी सुरू होतो, मक्याचं आमिष किती अंतरावर टाकावं, मचाणाकडे जाणाऱ्या वाटेवर कॅमेरा कसा ठेवावा. वाघाचा उल्लेख शोधून सापडत नाही. सापडणार कसा? हा सगळा बाजार हरणांच्या शिकाऱ्यांनी उभा केला. आपले व्याघ्रगणनावाले त्या दुकानातलं किरकोळ गिऱ्हाईक.

या कॅमेऱ्याचं मूळही हरणापाशीच आहे. जॉर्ज शिरास नावाचा एक अमेरिकन वकील मिशिगनमधल्या तळ्यांवर शिकारीला जायचा. रात्री होडीच्या नाकाडावर दिवा ठेवायचा, उजेडात हरणाचे डोळे चमकले की बार काढायचा, अशी तिथली जुनी रीत. शिरासने बंदूक खाली ठेवली आणि तिच्या जागी कॅमेरा घेतला. पुढे १८९०च्या दशकात त्याने वाटेवर तार ताणून ठेवली. जनावराची ओढ लागली की मॅग्नेशियमची भुकटी भडकायची आणि हरीण स्वतःचाच फोटो काढून पसार व्हायचं. जुलै १९०६च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याचे ७४ फोटो एकगठ्ठा छापले. हीच युक्ती एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वाघांवर करून पाहिली. त्या फोटोंचं त्याचं पुस्तक १९२७ साली निघालं. वाघाला त्याच्या पट्ट्यांवरून ओळखता येतं, हे फोटो पाहून त्याच्या ध्यानात आलं होतं. त्या ओळखीवर मोजणीचं गणित बसवलं डॉ. उल्लास कारंथ यांनी, १९९०च्या दशकात, कर्नाटकातल्या नागरहोळेत.

तरी आपल्याकडे पुढेही बरीच वर्षं वाघ मोजले जात ते पंज्यांवरून. ठशावर काच ठेवायची, वरून रेघ ओढायची, कागदावर उतरवायचं. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघड झालं. मग ती पद्धत गेली आणि झाडाला बांधलेला डबा आला. विदर्भातल्या वनमजुरांच्या तोंडी हाच शब्द आहे, ‘डब्बा’. डब्बा लावला, डब्बा काढला, डब्ब्यात मुंग्या झाल्या.

आता खरेदी. माझ्याकडे वर्षातून दोन-तीन जण तरी विचारणा करतात. कुणाच्या शेतात रानडुकरं घुसतात, कुणाला फार्महाउसमागे बिबट्या दिसल्याचा संशय असतो. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा. स्वस्त कॅमेऱ्यांच्या खोक्यावर चोवीस, तीस, छत्तीस असे आकडे असतात. आतला सेन्सर बहुतेक वेळा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. उरलेले ठिपके यंत्र आपल्या मनाने भरतं. फाइल फुगते, कार्ड लवकर भरतं, जनावर होतं तेवढंच धूसर राहतं.

खरं विचारायचं ते हे: जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो? चांगल्या यंत्रात सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा. सुमार यंत्रात सेकंद, दीड सेकंद. अमेरिकेतल्या शिकाऱ्याला दीड सेकंदही चालून जातो, कारण त्याचं हरीण मक्याच्या ढिगापाशी दहा मिनिटं मान खाली घालून उभं असतं. गणनेत आपण आमिष टाकत नाही. आपला वाघ रस्त्याने आपल्या कामाला निघालेला असतो, तो कॅमेऱ्यासाठी का थांबावा? एका टोळीकडे असे मंद कॅमेरे आले होते. महिन्याभराने कार्डं उघडली तर शेपट्याच शेपट्या. चितळाची शेपटी, रोह्याची शेपटी, आणि एका फोटोत अगदी कडेला काळ्या कड्यांची जाड, लांब शेपटी. वाघ गेला हे नक्की. कुठला, हे सांगायला अंगावरचे पट्टे हवेत. त्या ब्लॉकच्या, म्हणजे जंगलाच्या त्या भागाच्या, फोल्डरला पोरांनी नाव दिलं होतं ‘शेपूट विभाग’.

फ्लॅशचं त्रांगडं वेगळंच. हरणाच्या शिकाऱ्याला फ्लॅश अजिबात नको असतो. हरीण बिचकतं आणि शेजारच्या शिकाऱ्याला आपली जागा कळते. म्हणून बाजारात बोलबाला आहे तो न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचा. पण त्या उजेडात रात्री चालत्या जनावराचा फोटो हलतो, आणि हललेल्या फोटोतले पट्टे जुळवता येत नाहीत. वाघाच्या गणनेला पांढरा, कडक फ्लॅशच लागतो. म्हणजे शिकाऱ्यांना ज्या गोष्टीचा तिटकारा, तीच आपण पैसे मोजून शोधत फिरायची. शेतातली डुकरं किंवा परसातला बिबट्या पाहायचा असेल तर मात्र बिनधास्त इन्फ्रारेड घ्या. तिथे कोण आलं एवढंच कळायला हवं, त्याचं आधार कार्ड नको.

बॅटरीबद्दल एकच सांगतो: सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी फोडलेल्या घाला. जुन्या-नव्याची भेसळ केली की जुनी नवीला घेऊन बुडते.

एवढं सगळं पाहून, पन्नास हजारांच्या वरचा कॅमेरा घेतला तरी तो चुकीच्या झाडाला बांधला की संपलं. खरे किस्से इथून सुरू होतात.

गणनेत जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात समोरासमोर दोन कॅमेरे लागतात. दोन का, तर वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजवीकडच्यांसारखे नसतात. दोन्ही बाजू एकदमच मिळायला हव्यात. लॅपटॉपवर हे फार देखणं दिसतं. ताडोबाकडच्या जंगलात एका बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, शहरातून आलेला एक अभ्यासक असाच नकाशावरचा ठिपका धरून, जीपीएसचा बाण पाहत, काट्याकुट्यांतून बरोबर चौकोनाच्या मध्यावर पोचला. बरोबरचे वनमजूर मामा मागे उभे राहून तंबाखू मळत होते.

“मामा, इथे बांधू या.”

“बांधा न जी. पन इथं कोन येते?”

“वाघ येत असेल की.”

“वाघ त त्या नाल्यानं येते. इथं फक्त तुमचा जीपीएस येते.”

मामांनी मग दोनेकशे पावलांवरची जागा दाखवली. बैलगाडीची जुनी वाट नाल्यात उतरते तिथे मऊ फुफाटा साचला होता. कडेच्या ऐनाच्या बुंध्यावर कमरेच्या उंचीला काळपट, तेलकट डाग होता. नाक जवळ नेलं तर शिजत्या बासमतीसारखा वास. वाघ शेपटी उचलून झाडावर जी पिचकारी मारतो तिचा हा वास, आणि तो फार दिवसांचा नव्हता. वाघ जड जनावर, तळवे मऊ. गोट्या-काट्यांतून जाण्याची हौस त्याला आपल्यापेक्षाही कमी. मोकळी वाट असेल तर तो वाटच धरतो, आणि दोन वाटा मिळतात तिथे हमखास काहीतरी खूण ठेवून जातो. कॅमेरे तिथे लागले. पुढे त्या चौकोनात वाघीण आणि तिची मोठी झालेली पिल्लं, सगळी दोन्ही कुशींनी मिळाली. अहवालात जीपीएसचे आकडे गेले. मामांचं नाव घालायला रकाना नव्हता.

मामा बांधतानाही सूचना करत राहतात. “या झाडाले नको जी, मुंग्यायचं घर हाये.” “बारकं झाड नको, वाऱ्यानं हालते.” उंची माणसाच्या गुडघ्याएवढी, फार तर थोडी वर. वाटेपासून अंतर तीन-चार मीटर. तोंड उगवतीकडे किंवा मावळतीकडे नको, सूर्य थेट डोळ्यात जातो. समोरासमोरचे दोन कॅमेरे अगदी नाकासमोर नाक नकोत, किंचित मागेपुढे हवेत. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात आणि मधला वाघ पांढऱ्या धुक्यात.

मग येतो टोळीतला सगळ्यांचा आवडता भाग. “आज वाघ कोण?” कॅमेरा नीट टिपतो का हे तपासायला कुणीतरी चार पायांवर त्याच्यासमोरून जायचं असतं. उभ्याने चाललात तर उंचीचा अंदाज चुकतो. हा मान नव्या पोराचा. एम.एस्सी. झालेला, नवे बूट घातलेला गडी फुफाट्यात हातापायांवर रांगतो आणि बाकीचे कमरेवर हात ठेवून शेरे मारतात: “हळू, हळू, वाघ इतक्या घाईत नसतो!” प्रत्येक कार्डातले पहिले फोटो त्यामुळे माणसांचेच असतात. एकदा वरिष्ठ साहेबांना पाहायची घाई झाली आणि कुणी न चाळताच कार्ड पडद्यावर लावलं. पहिला फोटो, रांगणारा साहाय्यक. दुसरा फोटो, तोच, जीभ बाहेर काढलेला. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “नर की मादी?”

आता त्या डब्याला नेमकं दिसतं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. त्याला वाघ दिसत नाही, हरीण दिसत नाही. भोवतालापेक्षा वेगळ्या उष्णतेचं काहीतरी समोरून सरकलं, एवढंच त्याला जाणवतं. आडवं सरकलं तर चटकन, सरळ अंगावर आलं तर उशिरा. म्हणूनच उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की भर दुपारी तो गोंधळतो. तापलेली जमीन आणि चितळाचं अंग यांत फरक उरत नाही. कळप समोरून जातो आणि डबा गप्प. उलट, उन्हात तापलेलं पान वाऱ्याने हललं की त्याला वाटतं कोणी आलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानं टाकतो. सागाचं पान म्हणजे केवढं, जेवायला घ्यावं एवढं. एका कॅमेऱ्यासमोर कोळ्याच्या धाग्याला असं एक पान अडकलं होतं. सकाळी ऊन आलं की ते तापायचं आणि गिरक्या घ्यायचं. कार्डात हजारो फोटो निघाले, सगळे त्या पानाचे: पान डावीकडे, पान उजवीकडे, पान पाठमोरं. तिसऱ्या दिवशी कार्ड भरलं. त्यानंतर त्या वाटेने कोण आलं-गेलं ते त्या पानालाच ठाऊक. तेव्हापासून मामा कॅमेरा बांधून झाला की विळा काढतात आणि पुढचं गवत, फांदी, जाळं, सगळं साफ करूनच हलतात.

डब्याचे शत्रू वाघाहून लहान असतात. कुंभारीण माशी भिंगावरच मातीचं घर घालते. मुंग्या अंड्यांसकट बॅटरीशेजारी राहायला येतात. वानरं तोंड लावून पाहतात, आणि त्यांच्या दातांचे फोटो इतके स्पष्ट येतात की दंतवैद्याला दाखवावेत. अस्वलाला मात्र या यंत्राचा खराच राग आहे. ते पट्टा तोडतं, डबा चावतं, आणि शेवटचा फोटो बहुतेक त्याच्या टाळूचा असतो.

घड्याळाचा किस्सा मी मुद्दाम सांगतो, कारण नव्या टोळ्या अजूनही यात सापडतात. एका ब्लॉकची माहिती आली तीत सांबरं भर दुपारी नाल्यात उतरत होती आणि बिबट्या दीड वाजता उन्हातून फिरत होता. एकाने यावर निबंध लिहायची तयारीही चालवली: विदर्भातल्या बिबट्यांनी दिनचर्या बदलली! दुसऱ्याने शांतपणे एक फोटो पुढे केला. वानरांची अख्खी टोळी रस्त्यात बसून उवा वेचते आहे, लखलखीत ऊन पडलं आहे, आणि खाली वेळ छापली आहे रात्रीचा सव्वा एक. लावताना कुणीतरी एएमच्या जागी पीएम दाबलं होतं. म्हणून आता पहिल्या फोटोत पाटी धरतात: कॅमेरा क्रमांक, तारीख, आणि हातावरचं घड्याळ.

हरणांच्या फोटोंनी नवख्यांना दिलेला झटका म्हणजे सांबराचा गळा. एका मुलीने कार्ड चाळताना पाहिलं की मोठ्या सांबराच्या गळ्याखाली केस गेलेला, लालभडक, ओला चट्टा आहे. पुढच्या ठिकाणच्या सांबराला तसाच. मग माद्यांनाही. ती धावत आली, साथ पसरली आहे, पशुवैद्याला बोलवा. जुनी माणसं हसली. सांबरांमध्ये, विशेषतः माजाच्या काळात, असा चट्टा दिसतोच. अमेरिकन पुस्तिकेत अर्थातच याची ओळ नाही. तिथल्या हरणांचं वेळापत्रकही शाळेसारखं: सगळ्या नरांची शिंगं एकाच हंगामात मखमलीत, माज एकाच हंगामात, शिंगं गळणंही हिवाळ्यात. म्हणून तिथला शिकारी जुलै-ऑगस्टमध्ये कॅमेरे लावून कुठल्या नराच्या शिंगांना किती टोकं याची यादी करतो. आपल्या चितळाने हे वेळापत्रक कधीच मानलं नाही. एकाच पाणवठ्यावर एकाच दिवशी मखमली शिंगांचा नर, कडक शिंगांचा नर आणि नुकतीच शिंगं टाकलेला बोडका नर, तिघेही शेजारी शेजारी पाणी पिताना मिळतात.

आणि चितळं मोजायला हा डबा तसा कुचकामीच. प्रत्येक चितळाचे ठिपके वेगळे असतात हे खरं, पण चाळीसच्या कळपातली तिघं फोटोत येतात, बाकीची मागच्या झाडीत. म्हणून हरणांची मोजणी अजूनही पायीच होते. पहाटे दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर, होकायंत्र आणि अंतरमापक घेऊन, तोंडातून चकार शब्द न काढता चालायचं. ज्याच्यासाठी यंत्र बनलं ते हरीण इथे पायांनी मोजायचं आणि त्याच यंत्राने वाघ मोजायचा, असा आपला उलटा कारभार.

चोरीचा किस्सा प्रत्येक टोळीकडे असतो. हा त्यातल्या त्यात गोड. मोहाच्या दिवसांत एका वाटेवरचा डावा कॅमेरा गायब झाला. उजवा जागेवर होता. त्याच्या कार्डात चोरीची सगळी हकिगत, क्रमवार: एक माणूस येतो, इकडेतिकडे पाहतो, कॅमेरा सोडतो, पिशवीत घालतो आणि जाताना थेट दुसऱ्या कॅमेऱ्याकडे पाहून दचकतो. तो फोटो घेऊन वनरक्षक गावात गेले. कुणाला दाखवला नाही. पारावर बसून एवढंच म्हणाले की फोटो आहे, उद्या वर पाठवावा लागेल. दुसऱ्या दिवशी कॅमेरा त्याच झाडाला परत. फक्त पट्ट्याची गाठ निराळी, बैल बांधताना मारतात ती.

पण या डब्यात माणसं येतात ही गंमत इथेच थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे चारला मोह वेचायला निघतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याला अख्खं गाव जंगलात असतं. जंगलात माणूस एकटा असतो तेव्हा तो एकटा आहे असं धरूनच वागतो. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाने केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे या कॅमेऱ्यांच्या भीतीने बाया जंगलात गाणं, बोलणं टाळू लागल्या होत्या, आणि एका बाईचा उघड्या अवस्थेतला फोटो तिथल्या समाजमाध्यमांच्या गटांवर फिरवला गेला होता. गाणं-बोलणं बंद झालं की जनावराला माणसाची चाहूल लागत नाही आणि गाठ अचानक पडते, हा धोका वेगळाच. चांगल्या टोळ्या आधी गावात जाऊन सांगतात, कुठे कॅमेरे आहेत ते दाखवतात, आणि माणसांचे फोटो पहिल्या चाळणीतच बाजूला काढून पुसतात. सगळ्याच टोळ्या चांगल्या नसतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

अमेरिकेतही या डब्यावर प्रश्न उठलेत, फक्त हरणाच्या बाजूने. ॲरिझोना कोरडं राज्य. तिथे एकेका पाणवठ्याभोवती शिकाऱ्यांचे इतके कॅमेरे लागू लागले की जनावराला पाणी प्यायला चोरवाट उरेना. १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिकारीसाठी हे कॅमेरे वापरायला बंदी आहे.

एवढा खटाटोप करून वाघ किती मिळतो? २०१८च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. फोटो आले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यांतले वाघाचे ७६,६५१. हजार फोटो चाळा, तेव्हा दोन वाघाचे. उरलेल्यांत चितळ, गुरं, गवत, सायकलवाले, आणि रांगणारे एम.एस्सी. आता जनावरं वेगळी काढायला संगणक आहे, पट्टे जुळवायलाही आहे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला आणि पट्ट्यांवरून तो थेट यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला, तेव्हा हजारातल्या त्या दोन फोटोंची किंमत कळली. एवढं अंतर तोडून आलेल्या वाघाचा पत्ता दुसऱ्या कशाने लागला असता?

ज्यांना हा डबा विकत घ्यायचाच आहे त्यांनी आधी तो स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या परसात लावून पाहावा. राखीव जंगलात, अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय लावू नये. तो गुन्हा ठरू शकतो. जंगलात फिरताना झाडाला बांधलेला दिसला तर हात लावू नका, त्यापुढे सेल्फी काढू नका, वाटेने निघून जा. आणि तुमच्या शेतातल्या कॅमेऱ्यात कधी वाघ आलाच, तर तो फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी बीटच्या वनरक्षकाला फोन करा, आणि जागेचं नाव कुणालाही सांगू नका.